बुडीत खात्यातली जहाजं

भाचा पाण्यातून वर आला तो नाक शिंकरतच. बोटीच्या कडेला एक लोखंडी पाळणा होता. तो कमरेइतक्या पाण्यात उतरायचा, पाणबुड्या त्यावर पाय रोवून उभा राहायचा आणि धान्याच्या गोणीसारखा डेकवर चढवला जायचा. पाठीवर दोन टाक्या, काखेत आणखी एक, अंगात पाणी आत येऊ न देणारा जाडजूड सूट, ओठ जांभळे. ऑगस्ट महिना होता. पाणी तेरा अंशांवर होतं आणि इथल्या लोकांच्या मते ते चांगलं उबदार होतं.

“काय पाहिलंस?”

“भिंत,” तो म्हणाला. “मावशी, नुसती भिंत. वर बघावं तर भिंत, खाली बघावं तर भिंत. हे जहाज आहे असं स्वतःलाच बजावत राहावं लागतं.”

भिंतीचं नाव ‘मार्कग्राफ’. जर्मन सम्राटाच्या आरमारातली युद्धनौका. लांबी सुमारे १७५ मीटर, म्हणजे आपल्या नऊ डब्यांच्या लोकलपेक्षा जरा आखूड. १९१९ पासून ती स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांच्या मधल्या स्कापा फ्लो नावाच्या आखातात पालथी पडून आहे. आमच्या बोटीखाली पंधरा मजली इमारत बुडेल एवढं पाणी होतं.

मी इथे का आले, ते सांगते. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला: ‘बुडीत’. त्यांच्या मनात बहुधा धरणाखाली गेलेली गावं आणि बँकांची कर्जं असावीत. मी फोनवर विचारलं, “बुडालेली लढाऊ जहाजं चालतील का?” पलीकडे थोडी शांतता. मग म्हणाले, “चालतील. पण घरबसल्या लिहू नका, जाऊन या.” भाचा ॲबर्डीनला तेलाच्या कामात आहे आणि सुट्टी मिळाली की ऑर्कनीला येऊन बुड्या मारतो. मला पोहायला येतं ते दादरच्या तलावापुरतं. तेव्हा ठरलं असं, की तो खाली जाईल आणि मी वर बसून विचारत राहीन.

स्ट्रॉमनेस हे इथलं बंदराचं गाव. रस्ता एकच, दगडी फरसबंदीचा, बोळासारखा. घरं समुद्राकडे खांदा करून उभी. स्क्रॅबस्टरहून बोटीने दीड तासात इथे पोचता येतं. उन्हाळ्यात धक्क्यावर जुन्या मासेमारी बोटी ओळीने लागलेल्या असतात. त्यांत आता मासळीच्या जागी डझनभर पाणबुडे, हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि सुपाचं पातेलं असतं. आठवडाभराची सफर असते, दिवसाला दोन बुड्या. बोटीचा स्किपर म्हणजे आपल्या कोकणातला तांडेलच: बोलणं कमी, लक्ष सगळीकडे, आणि रागावला तरी चहा देणारा.

सहलीचा दिवस

१९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध थांबलं, पण तह व्हायचा होता. तोवर जर्मन आरमाराचं काय करायचं, यावर दोस्त राष्ट्रांचं एकमत होईना. ब्रिटिशांनी ७४ जहाजं आणून स्कापा फ्लोमध्ये उभी केली. तोफा निकामी केलेल्या, खलाशी मोजके. त्यांना किनाऱ्यावर उतरायची परवानगी नव्हती, एका जहाजावरून दुसऱ्यावरही जाता येत नव्हतं. शिधा जर्मनीहून यायचा. सात महिने ही माणसं समोरच्या हिरव्या टेकड्यांकडे बघत मासे पकडत होती.

त्यांचा प्रमुख होता रिअर ॲडमिरल लुडविग फॉन रॉयटर. तहाची मुदत संपत आल्याचं तो वर्तमानपत्रांतून वाचत होता, आणि ती पेपरं त्याच्यापर्यंत शिळी होऊन पोचत होती. मुदत दोन दिवसांनी वाढवली होती, हे त्याला कळलं नव्हतं. जहाजं शत्रूच्या हाती पडू द्यायची नाहीत, एवढं मात्र ठरलेलं होतं. २१ जून १९१९ ला सकाळी पहाऱ्यावरचा ब्रिटिश ताफा सरावासाठी आखाताबाहेर गेला. दहाच्या सुमारास त्याच्या ‘एम्डेन’ जहाजावरून आधी ठरलेल्या सांकेतिक भाषेत बावटे चढले. जहाजाजहाजांवर पाणी आत घेणाऱ्या झडपा उघडल्या गेल्या.

नेमकी त्याच दिवशी स्ट्रॉमनेसच्या शाळेची सहल ‘फ्लाइंग केस्ट्रेल’ नावाच्या बोटीने हे आरमार बघायला निघाली होती. मुलांनी सकाळी युद्धनौका पाहिल्या आणि थोड्याच वेळात त्या कलंडताना, उलटताना, फेसाचे डोंगर उडवत खाली जातानाही पाहिल्या. काहींना वाटलं, हा सहलीतलाच कार्यक्रम आहे. दुपारी बाराच्या सुमारास ‘फ्रीडरिख डेर ग्रोसे’ गेली, संध्याकाळी पाचला ‘हिंडनबर्ग’. एकूण ५२ जहाजं बुडाली. बाकीच्यांपैकी बहुतेक ब्रिटिशांनी ओढून उथळ पाण्यात घातली. त्या गडबडीत झालेल्या गोळीबारात नऊ जर्मन मेले. त्यांच्या कबरी समोरच्या हॉय बेटावर, लायनेसच्या नौदल दफनभूमीत आहेत.

हा ‘समोरच्या बेटावर’ तपशील लक्षात असू द्यावा. जहाजं बुडाली तेव्हा त्यांच्या पोटात माणसं नव्हती. पुढे कायद्याच्या दृष्टीने त्यांचं काय झालं, ते बरंचसं ह्या एका गोष्टीवर ठरलं.

कॉक्स नावाचा भंगारवाला

सुरुवातीला ब्रिटिश नौदल म्हणालं, राहू देत तिथेच. युद्धानंतर भंगार इतकं होतं की ह्या पोलादाला कुणी विचारत नव्हतं. मग भाव वाढले आणि १९२४ मध्ये अर्नेस्ट कॉक्स नावाच्या गृहस्थाने नौदलाकडून २६ विनाशिका आणि दोन मोठ्या युद्धनौका विकत घेतल्या. त्याने आयुष्यात एकही जहाज पाण्यातून काढलं नव्हतं. धंदा भंगाराचा.

मला ह्या माणसाबद्दल उगाच आपुलकी वाटते. मुंबईत जहाजं तोडतात त्या दारूखान्यात बसून चहा पीत, जहाजाचा नुसता आकार बघून ‘किती टन निघेल’ ते सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. कॉक्स त्याच जातकुळीतला. त्याने आधी लहान विनाशिका उचलल्या. ओहोटीला त्यांच्याखालून जाड दोर घालायचे, ते वरच्या तरंगत्या गोदीला बांधायचे, आणि उचलायचं काम भरतीवर सोपवायचं. पावणेदोन वर्षांत २६ च्या २६ बाहेर आल्या. मोठ्या युद्धनौकांना हा उपाय पुरेना. तेव्हा त्याच्या माणसांनी जुने बॉयलर एकावर एक जोडून उंच नळकांडी केली आणि ती पालथ्या जहाजाच्या तळावर उभी ठोकली. वरचं तोंड पाण्याबाहेर, खालचं जहाजाच्या पोटात. त्यातून शिडीने माणसं आत उतरायची. दाबाखालच्या हवेने पाणी रेटलेलं असायचं. उलट्या छताखाली, म्हणजे एके काळच्या जमिनीखाली, दिवे लावून भोकं बुजवायचं काम चाले. सगळं बंद झालं की आणखी हवा भरायची. एक दिवस समुद्राला उकळी फुटल्यासारखं व्हायचं आणि पंचवीस हजार टनांचं धूड बुडबुडत वर यायचं, पालथंच. तसंच पालथं ते शेकडो मैल ओढत दक्षिणेला रोसाइथच्या गोदीत नेत आणि तिथे तोडत.

‘मोल्टके’ अशीच ओढून नेताना फोर्थच्या रेल्वेपुलाजवळ आली तेव्हा तिच्यावर दोन वाटाडे होते आणि दोघांत जुंपली होती, कुठल्या बाजूने न्यायचं यावरून. प्रवाहाने तोवर तिला पुलाकडे नेलं. दोर सोडून द्यावे लागले. कुणाच्याही हातात नसलेली ती पालथी युद्धनौका पुलाखालून आपली आपण सुखरूप निघून गेली. ‘डेर्फलिंगर’ची तऱ्हा आणखी न्यारी. ती १९३९ मध्ये वर आली आणि लगेच दुसरं महायुद्ध लागलं. तोडायला गोदी मोकळी नाही. मग युद्धाची सगळी वर्षं ती एका बेटाच्या आडोशाला पालथी तरंगत राहिली, आणि ती बुडू नये म्हणून आत हवा भरत राहावं लागलं.

एवढ्या खटाटोपात कॉक्सला शेवटी काही हजार पौंडांचा तोटाच झाला असं म्हणतात. त्याच्यानंतर इतरांनी काम पुढे नेलं. आज तळाशी उरल्या आहेत त्या तीन युद्धनौका, ‘क्योनिग’, ‘क्रोनप्रिंझ विल्हेल्म’ आणि ‘मार्कग्राफ’, आणि चार क्रूझर, ‘ड्रेस्डेन’, ‘क्योल्न’, ‘ब्रुमर’ आणि ‘कार्ल्सरूह’. त्या वाचल्या कारण त्या खोल होत्या आणि काढणं परवडत नव्हतं. वारसा म्हणून त्यांना कुणी तेव्हा राखलं नव्हतं. उलट १९६० आणि ७० च्या दशकांत पाणबुडे उतरून तांबं-पितळ आणि जाड चिलखती पत्रे सुरुंग लावून काढत होते. आज जहाजांच्या इंजिनघरांना जी खिंडारं आहेत ती युद्धातली नाहीत, भंगारवाल्यांची आहेत.

ह्या पोलादाची एक गोष्ट पाणबुड्यांच्या गप्पांत हमखास निघते. १९४५ नंतर अणुस्फोटांमुळे हवेत किरणोत्सारी कण पसरले आणि पोलाद बनवताना भट्टीत हवा लागत असल्याने ते पोलादातही उतरले. अतिसूक्ष्म किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रांना त्याआधीचं पोलाद हवं असायचं आणि स्कापाच्या तळाशी ते भरपूर होतं. गोष्ट खरी आहे, फक्त तिला मीठमसाला फार लागतो. काढलं गेलं ते एकूण पोलादाच्या मानाने चिमूटभर.

पाऊण कोटीत चार जहाजं

संध्याकाळी धक्क्यावर पाणबुड्यांचा घोळका बसला होता. कुणीतरी विषय काढला तो २०१९ च्या विक्रीचा. शताब्दीच्याच उन्हाळ्यात ईबेवर जाहिरात आली: तीन युद्धनौका आणि एक क्रूझर विकणे आहे, आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत. विकणारा इथलाच निवृत्त पाणबुड्या. त्याच्याकडे रीतसर कागद होते, कारण नौदलाने ज्यांना जहाजं विकली त्यांनी ती पुढे विकली, त्यांनी आणखी पुढे, आणि मालकी अशी हातोहात चालत आली होती. युद्धनौका प्रत्येकी २५,५०० पौंडांना मध्यपूर्वेतल्या एका कंपनीकडे गेल्या, ‘कार्ल्सरूह’ ८,५०० ला एका इंग्लिश गृहस्थाकडे. चारांचे मिळून ८५,००० पौंड. तेव्हाच्या भावाने पाऊण कोटी रुपयांच्या आसपास. डोंबिवलीत बरा फ्लॅट येतो तेवढ्यात.

“पण घेऊन करायचं काय?” मी विचारलं.

“काहीच नाही,” भाचा म्हणाला. “तेच तर.”

सातही जहाजं २००१ मध्ये संरक्षित स्मारकं ठरली. ज्या कायद्याने इथल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या ब्रॉडगरच्या शिळा राखल्या आहेत, त्याच १९७९ च्या कायद्याने. मालकाला मालक म्हणून मिरवता येतं, स्वतःच्या जहाजावर बुडी मारता येते, पण एक बोल्ट काढायचा तर सरकारची परवानगी. बाकी सगळ्यांना नियम एकच: बघा, हात लावू नका. २०१४ मध्ये ‘मार्कग्राफ’वरून वस्तू उचलल्याबद्दल दोन पाणबुड्यांना ऑर्कनीतल्या किर्कवॉलच्या न्यायालयाने प्रत्येकी १८,००० पौंडांचा दंड केला. एका युद्धनौकेच्या किमतीपासून फार लांब नाही.

पूर्वी असं नव्हतं. जुन्या पिढीतले पाणबुडे हातोडा घेऊनच खाली जात. पितळी खिडकी, मापनयंत्र, कपबशी काढून आणणं ही मर्दुमकी होती आणि ती दिवाणखान्यात मांडली जायची. नियम बदलायला एक कायदा पुरला, सवय बदलायला पिढी जावी लागली. आमच्या बोटीवर आता कुणी तसं काही बोललं असतं, तर स्किपरने त्याला पुढच्या धक्क्यावर उतरवलं असतं. ह्यात पुण्याईइतकाच व्यवहारही आहे. जहाज टिकलं तर गिऱ्हाईक येणार. आखातातल्या प्रत्येक बुडीची वर्दी आधी बंदर नियंत्रणाला रेडिओवरून जाते. जहाजांवर नांगर टाकत नाहीत, हंगामाच्या सुरुवातीला बोये आणि दोर लावून ठेवतात आणि त्या दोराला धरूनच सगळे खाली जातात. वर्दी न देता कुणी घुसलं, तर दहा बोटींवरच्या दहा तांडेलांना दिसतंच.

बोयाच्या पलीकडे

पण ह्याच आखातात एक जहाज असं आहे जिथे भाचा जाऊ शकत नाही, कुणीच जाऊ शकत नाही.

किर्कवॉलच्या दक्षिणेला स्कापाचा वाळूचा किनारा आहे. तिथून पाण्यात एक बोया दिसतो. त्याखाली ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका. १४ ऑक्टोबर १९३९ च्या मध्यरात्रीनंतर गुंथर प्रीनची यू-४७ ही जर्मन पाणबुडी किर्क साउंडच्या चिंचोळ्या वाटेने, वाट अडवायला मुद्दाम बुडवलेल्या जुन्या जहाजांच्या फटीतून आत शिरली. पहिला टॉर्पेडो लागला तेव्हा जहाजावर कुणाला नीट कळलंच नाही; आतच काहीतरी फुटलं असावं, असं वाटून बरेच जण परत झोपले. बाराएक मिनिटांनी दुसरा मारा आला आणि त्यानंतर तेरा मिनिटांत जहाज उलटून गेलं. ८३५ जण मेले. त्यांत शंभराहून अधिक अठरा वर्षांच्या आतली पोरं होती. शेजारी असलेल्या ‘डेझी २’ ह्या छोट्या मासेमारी बोटीने तीनशेऐंशीच्या वर माणसं काळ्या तेलातून उपसून काढली.

‘रॉयल ओक’ला लागू होतो तो १९८६ चा लष्करी अवशेषांचा कायदा, तोही त्यातल्या कडक कलमाने. परवान्याशिवाय बुडी नाही. आखातातच १९१७ मध्ये दारूगोळ्याचा स्फोट होऊन फुटलेल्या ‘व्हॅनगार्ड’लाही तोच नियम, आणि ऑर्कनीच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर १९१६ मध्ये सुरुंगावर गेलेल्या ‘हॅम्पशायर’लाही. ‘हॅम्पशायर’वर लॉर्ड किचनर होता; त्याआधी सात वर्षं हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला. ७३७ मेले, १२ वाचले. लायनेसच्या संग्रहालयात ‘हॅम्पशायर’चा पंखा ठेवला आहे. १९८३ मध्ये बिनपरवाना काढलेला, मग परत द्यावा लागलेला. मी त्याला हात लावला. पात्याच्या कडेला दातरे पडले होते आणि मधला भाग इतका गुळगुळीत होता, की रोज पुसतात की काय असं वाटलं. पंखा परत समुद्रात ठेवता येत नाही. चोरीचा माल संग्रहालयात नांदतो आहे.

थडगं म्हणून जहाज जपायचं, म्हणजे त्याला हातच लावायचा नाही, असं वाटतं. ‘रॉयल ओक’ने ते अवघड करून ठेवलं. तिच्या टाक्यांत इंधन तेल होतं आणि पत्रे गंजत गेले तसं ते झिरपू लागलं. अनेक वर्षं बोयाजवळ तवंग दिसायचा. आसपास शिंपल्यांची आणि सामनची शेती. मृतांच्या घरच्यांना जहाज फोडलेलं नको, बेटावरच्यांना तेल नको. नौदलाने शेवटी जी पद्धत घेतली ती आमच्या भाच्याला पाठ आहे, कारण त्याच्या धंद्यातलीच. जहाज पालथं असल्याने तळाच्या टाक्या आता सर्वांत वर आल्या आहेत आणि तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तेही तिथेच जमलेलं. पाणबुड्याने तळाच्या पत्र्यावर एक झडप पक्की बसवायची. मग त्या झडपेतूनच गिरमिट घालून पत्र्याला भोक पाडायचं, गिरमिट काढलं की झडप बंद. थेंब बाहेर येत नाही. मग नळी जोडून तेल वर ओढायचं. एकेक टाकी, एकेक हंगाम. २०१० पर्यंत सोळाशे टनांच्या आसपास तेल निघालं. जहाजाच्या आतल्या भागात, जिथे माणसं आहेत तिथे, कुणी गेलं नाही.

दरवर्षी मृत्युदिनाच्या सुमारास नौदलाचे पाणबुडे खाली उतरून जुना ध्वज काढतात आणि नवा लावतात. वर किर्कवॉलच्या सेंट मॅग्नस चर्चमध्ये जहाजाची घंटा आहे आणि नावांची वही. दर आठवड्याला तिचं एक पान उलटतात.

जावा समुद्रातले खड्डे

इथे सगळं इतकं नीट चालतं, की वाटावं ही जगाची रीत आहे. जगाची रीत वेगळी आहे.

२७ फेब्रुवारी १९४२ ला जावा समुद्रात जपानी आरमाराशी लढताना डच ॲडमिरल कारेल डोरमनच्या ‘डे राउटर’ आणि ‘जावा’ ह्या क्रूझर आणि ‘कोर्टेनार’ ही विनाशिका बुडाली. नऊशेहून अधिक माणसं गेली. २००२ मध्ये हौशी पाणबुड्यांना हे अवशेष सापडले. २०१६ मध्ये पंच्याहत्तरीच्या तयारीसाठी एक मोहीम पुन्हा तिथे गेली. दोन्ही क्रूझर जागेवर नव्हत्या. ‘कोर्टेनार’चा मोठा भाग गेलेला. सोनारच्या चित्रात समुद्रतळावर फक्त जहाजाच्या आकाराचे खड्डे होते, गादीवरून माणूस उठून गेल्यावर राहतो तसे. तिथल्याच ब्रिटिश ‘एक्सेटर’ आणि ‘एन्काउंटर’चीही तीच गत.

हजारो टनांची क्रूझर चोरीला जाते कशी? हळूहळू, आणि दिवसाढवळ्या. क्रेन असलेला बार्ज वर नांगर टाकतो, दुरून तो गाळ उपसणाऱ्या किंवा वाळू काढणाऱ्या बार्जसारखाच दिसतो. आधी पंखे, कारण ते काशाचे आणि सर्वांत महाग. मग तांब्याची कंडेन्सरं. मग सुरुंग लावून फोडलेलं पोलाद मोठ्या पंजाने उचलायचं आणि किनाऱ्यावरच्या भंगाराच्या वाड्यात नेऊन ओतायचं. पोलादाबरोबर आणखी काय वर येतं, ते बघायला तिथे कुणी नसतं. डच सरकारने विचारणा केली तेव्हा इंडोनेशियाच्या नौदलाचं म्हणणं असं, की राखण करा असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ऐकायला उर्मट वाटतं, पण त्यात तथ्य आहे. जहाज एका देशाचं, पाणी दुसऱ्याचं, लढाई तिसऱ्याशी. आणि हे पाणी ज्यांचं, त्यांच्यावर तेव्हा डचांचंच राज्य होतं.

मलेशियाच्या क्वांतानजवळ १० डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी बुडवलेल्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’वरही हात पडला. मे २०२३ मध्ये मलेशियाने ‘चुआन होंग ६८’ हा चिनी बार्ज पकडला. त्यावर जुना तोफगोळा सापडला. ब्रिटनचा १९८६ चा कायदा दुसऱ्या देशाच्या हद्दीत चालत नाही. युनेस्कोचा २००१ चा करार आहे. तो म्हणतो, शंभर वर्षं पाण्याखाली असलेलं सगळं सांस्कृतिक वारसा, शक्यतो जागच्या जागी जपा, विकू नका. पण ब्रिटनने त्यावर सही केलेली नाही. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजांची शंभरी भरायची तर २०३९ उजाडेल. गॅसकटरला तेवढा धीर नसतो.

आपलं पाणी

ह्याच भाच्याला बोट धरून मी एकदा ‘विक्रांत’ दाखवायला नेलं होतं. तेव्हा ती मुंबईत संग्रहालय होती. तो सहा-सात वर्षांचा असेल. धावपट्टीवर त्याने एक टोक ते दुसरं टोक पळून घेतलं आणि मला म्हणाला, हे बुडणार नाही. बुडाली नाहीच. २०१४ मध्ये लिलावात विकली गेली आणि दारूखान्यात तुटली. तिचं काही लोखंड मोटारसायकलच्या टाकीत गेलं. आपण तरंगती युद्धनौका राखू शकलो नाही हे मी ऑर्कनीच्या लोकांना सांगितलं नाही. लाज वाटली.

बुडालेलीही आहे. दीवला टेकडीवर ‘खुकरी’चं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती, तोंड समुद्राकडे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने तिला बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले; त्यांतच शेवटपर्यंत जहाज न सोडलेले कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. पर्यटक पेटीसमोर सेल्फी काढतात आणि खाली समुद्राकडे बघून विचारतात, नक्की कुठे? सुमारे ४० सागरी मैल बाहेर. म्हणजे आपल्या बारा मैलांच्या हद्दीपलीकडे. आपला पुरावस्तूंचा १९७२ चा कायदाही शंभर वर्षांचंच माप लावतो आणि युनेस्कोच्या करारात आपणही नाही. पुरातत्त्व खात्याची पाण्याखालची शाखा आहे, गोव्याच्या दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचं काम चालतं, पण त्यांच्या वाट्याला जुनी पोर्तुगीज गलबतं आणि बुडालेली बंदरं. १९७१ त्यांच्या हिशेबात अजून कालचं आहे.

ह्याच्या उलट बाजूलाही एक जहाज आहे. विशाखापट्टणमच्या बाहेर त्याच डिसेंबरात बुडालेली पाकिस्तानची ‘गाझी’, ९३ जणांसह. शत्रूची पाणबुडी, आपल्या दारात. ती आपण उचलली नाही. २०२४ मध्ये नौदलाच्या नव्या बचावयानाने तिचा ठाव घेतल्याची बातमी आली, तेव्हाही हात लावला नाही असंच सांगितलं गेलं. मला ही बातमी आवडली होती. पण आवडलेल्या बातमीला कायदा म्हणत नाहीत. उद्या कुणी बार्ज घेऊन आलंच, तर कुठल्या कलमाखाली अडवायचं, हे त्याच दिवशी शोधत बसावं लागू नये.

तांडेलाची वही

शेवटच्या दिवशी वारा वाढला म्हणून मोठ्या युद्धनौका रद्द झाल्या आणि ‘कार्ल्सरूह’ ठरली. ती पंचवीसेक मीटरवर, तुलनेने उथळ. ‘भिंत’ नाही, कुशीवर झोपलेलं, बरंच मोडलेलं जहाज.

स्किपरने निघायच्या आधी फळ्यावर चित्र काढून सांगितलं: पुढच्या तोफा इथे, साखळी इथे, आणि हा भाग गेल्या हिवाळ्यानंतर खाली बसलाय, त्याच्या आत जाऊ नका. चित्र जुनं होतं. त्यावर पुसून पुन्हा काढल्याच्या खुणा होत्या. शास्त्रज्ञ इथे सोनारने समुद्रतळ मोजतात. ध्वनीचे शेकडो किरण एकदम सोडून जहाजाचा आकार ठिपक्याठिपक्यांनी उभा करतात आणि नवं चित्र जुन्यावर ठेवून काय कोसळलं ते बघतात. पण ती मोजणी काही वर्षांतून एकदा. मधल्या काळात रोज खाली जाणारे हेच. कोसळणं थांबवायला मात्र कुणाकडे काही नाही. पोलाद खाऱ्या पाण्यात गंजणार, रिव्हेट सुटणार, पालथ्या जहाजाच्या भिंती आपल्याच तळाचा भार घेऊन वाकणार. वर उचलून काढलं तर हवा लागून ते आणखी जोरात गंजेल, आणि लोकलएवढं जहाज वर्षानुवर्षं रसायनांच्या टाकीत बुडवून ठेवायची टाकी जगात कुठे नाही.

पाऊण तासाने भाचा पाळण्यावरून वर आला. ह्या खेपेला दात वाजत होते. तरी टाक्या उतरवायच्या आधी त्याने कॅमेरा काढला आणि दोन चित्रं शेजारी शेजारी धरून मला दाखवली. एक त्याचं चार वर्षांपूर्वीचं, एक आत्ताचं. दोन्हींत पांढरी समुद्रफुलं होती आणि त्यांच्या मधोमध पत्र्याचा एक सांधा. जुन्या चित्रात सांध्याजवळ बोटभर फट होती. नव्यात त्यातून एक भलामोठा मासा डोकं काढून बघत होता.

“हा लिंग. इथे राहायला आलाय बहुतेक,” भाचा म्हणाला.

स्किपर सुपाचे मग वाटत आला. त्याने मग माझ्या हातात दिले, चित्रं नीट पाहिली, कुठल्या बाजूने काढली ते विचारलं. मग केबिनमध्ये जाऊन एक जाडजूड वही आणली. ओलीने पानं फुगली होती. भाच्याने वाकून वाचलं आणि मला मराठीत सांगितलं: तारीख, पाण्याची खोली, दिसण्याचं अंतर, आणि खाली एक ओळ. उजवीकडची फट वाढली. आत मासा.